बेडकीचा डावा पाय

गुरुवारी संध्याकाळी आप्पांनी बेडकी स्वतःच्याच घराच्या फाटकाच्या खांबावर घातली आणि रविवारी सकाळी सगळं घर जमलं. मधले दोन दिवस फोनवर गेले. या घरात कुठलीही गोष्ट आधी फोनवर दोघादोघांत ठरते आणि मग समोरासमोर, सगळ्यांच्या साक्षीने मोडते. या खेपेला ठरलं होतं ते एवढंच, की आता पुरे, आप्पांकडून किल्ली काढून घ्यायची.

"आपलाच खांब, आपलीच गाडी. तुम्हाला कशाला पोटदुखी?" आप्पांनी टोस्टला लोणी लावत विचारलं. लोणी ते अगदी कडेपर्यंत लावत. घाईत असलेल्या माणसासारखे ते कुठूनही दिसत नव्हते.

वहिनींनी चमच्याने कपावर टकटक केलं. मुख्याध्यापिकेची नोकरी करून करून त्यांना ही सवय लागली होती. घरच्या जेवणातसुद्धा त्या उशिरा येणाऱ्याकडे घड्याळाकडे बघितल्यासारखं बघत. "आप्पा, विषय खांबाचा नाही. उद्या खांबाच्या जागी माणूस असेल. या वयात नजर कमी होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

हे वाक्य वहिनींनी उच्चारायला नको होतं. आप्पांनी उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलं होतं. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी बसवलेली काच होती.

"समोरच्या कॅलेंडरवर अगदी खाली छापखान्याचं नाव आहे," आप्पा म्हणाले. "वाच."

वहिनींनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"फोन नंबरसकट वाचून दाखवू?" आप्पांनी बसल्या जागेवरून वाचून दाखवला. "तुझ्याच डाव्या डोळ्याचा पाव नंबर वाढलाय. सोमवारी दाखवून घे."

धाकटा खोऽ खोऽ करून हसला आणि दादाने डोळे वटारल्यावर चहात तोंड घातलं. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. 'दिवसभर वरखाली करतो, पुढे काही जात नाही', अशी आप्पा त्याची ओळख करून देत. ताई फिजिओथेरपिस्ट होती, लोकांचे आखडलेले सांधे सोडवायची आणि घरातल्या आखडलेल्यांपासून शक्यतो लांब राहायची. आताही ती खिडकीशी उभी होती.

"माई, तुम्ही बोला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आमच्या बाजूला आहात ना?"

"मी चहाच्या बाजूला आहे," माई बटाटे सोलता सोलता म्हणाली. "अजून कुणाला हवाय?"

सगळ्यांनी हे उत्तर 'हो' असंच धरलं. धरणारच. बेडकी घरात आल्यापासून माईने तिच्याबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. आप्पांनी ती गाडी घेतली तेव्हा दादा पाच वर्षांचा होता आणि ताई पोटात होती. हिरवी, बसकी, बॉनेटवर दोन बटबटीत दिवे वर आलेले, आणि छप्पर म्हणून एक कापड, जे ताणून बसवेपर्यंत पाऊस थांबून जायचा. जागा मोजून दोन. घरात तिसरं मूल आलं तरी आप्पांना या हिशोबात काही चुकतंय असं वाटलं नाही. सुट्टीत फिरायला जायचं तर मुलं मावशीबरोबर बसने, आणि आप्पा बेडकी घेऊन बसच्या कधी मागे, कधी पुढे. शेजारी माई, डोक्याला रुमाल बांधून, ओठ मिटून. बसच्या मागच्या काचेला नाक लावून बघणाऱ्या तिन्ही मुलांना आई त्या गाडीत शिक्षा भोगायलाच बसली आहे, असं वाटायचं. तिच्या वतीने त्यांनी बेडकीचा राग केला आणि आईच्या नकळत त्याच गाडीत बसण्यासाठी जीवही टाकला.

"मला असं वाटतं," दादाने घसा साफ केला.

"तुला जे वाटतं ते गाडीत येऊन सांग," आप्पा उठले. उठताना त्यांनी टेबलाला हात लावला. "ज्याला बोलायचंय त्याने गाडीत यावं. एका वेळी एक. मी तरी काय करू, जागाच तेवढी आहे."

*

दादा अंगणात गेला तो आधी गाडीपुढे उकिडवा बसला. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघण्यात त्याची हयात गेली होती, आणि कुठलाही पोचा बघितला की त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान येई.

हा पोचा मात्र त्याला कळेना. नजर कमी असलेला माणूस खांबावर जाऊन आदळतो. इथे आदळल्याची खूणच नव्हती. गाडी अगदी हळू आली असावी, खांबाशी थांबत आली असावी, आणि थांबता थांबता एकदम उडी मारून पुढे गेली असावी. एका पायाने थांब म्हटलं आणि दुसऱ्याने ऐकलं नाही, असं काहीतरी. असा पोचा त्याने आजवर फक्त शिकाऊ लोकांच्या गाड्यांना बघितला होता.

"आप्पा, हे कसं काय झालं?"

"चालव," आप्पा म्हणाले आणि किल्ली त्याच्या अंगावर टाकली.

दादाने ती झेलली नाही. पन्नाशीच्या माणसाला धक्का बसला की हात जागच्या जागी राहतात. अठरा वर्षांचा झाल्यापासून तो ही किल्ली मागत होता. आधी तोंडाने मागितली, मग मागणं सोडलं, मग गाड्यांचे पोचे मोजण्याची नोकरी धरली. किल्ली मातीतून उचलताना त्याचे कान लाल झाले होते.

बेडकीत नुसतं चढता येत नाही, शर्टासारखी ती अंगात घालावी लागते. दादाचं पोट स्टीअरिंगला टेकलं. आप्पा डाव्या बाजूला बसले, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. दादाने ते पाहिलं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण दादाचं लक्ष काट्यांकडे होतं.

त्याने बोलण्याची तयारी केली होती. 'आप्पा, आम्हाला तुमची काळजी वाटते' इथपासून सुरू करायचं होतं. पहिल्या गिअरमध्ये त्याने 'आप्पा' म्हटलं. दुसऱ्यात 'आम्हाला'. वळणावर गाडी जमिनीला चिकटून फिरली, त्याच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे राहिले, आणि काळजी हा शब्द मागे रस्त्यावर कुठेतरी पडला.

"हात हलका आहे तुझा," आप्पा वाऱ्यातून ओरडले. "माझ्यामागे ही कुणाकडे द्यायची, याचा मी विचार करतोय. कुणापाशी बोलू नकोस."

दादाने रिकाम्या रस्त्यावर उगाचच हॉर्न वाजवला. वडिलांनी आयुष्यात त्याला बऱ्याच गोष्टी म्हटल्या होत्या, पण हलकं असं काही म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर तो टेबलाशी बसला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला, "मला वाटतं, आपण जरा घाई करतोय."

"घाई?" वहिनी म्हणाल्या. "अहो, काल रात्री तुम्हीच म्हणालात ना, किल्ली विहिरीत टाकतो म्हणून?"

"विहीर कुठे आहे आपल्याकडे," दादा म्हणाला.

वहिनींनी नवऱ्याचा नाद सोडला आणि धाकट्याला पाठवलं. धाकट्याला त्यांनी निघताना तीन मुद्दे पाठ करून घ्यायला लावले. तो गुणगुणत गेला आणि शीळ घालत आला. मुद्द्यांचं काय झालं असं विचारल्यावर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला खरं सांगू? म्हाताऱ्याचा एवढाच एक आनंद आहे. आपण माणसं आहोत की कोण?"

"बघितलंस?" दादा खूश झाला. "मी हेच म्हणत होतो."

भावाभावांचं असं एकमत या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि तेही टिकलं टोस्ट संपेपर्यंत. धाकट्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने सहज सांगून टाकलं, "आणि मला म्हणाले, हात हलका आहे तुझा."

दादाचा कप हवेत थांबला. "कुणाचा?"

"माझा. लिफ्टच्या तारा ओढून ओढून येतो तो हलकेपणा."

"मला म्हणाले तसं."

"तुला? तुझा हात हलका?" धाकटा हसू लागला, आणि मग हसायचा थांबला. "बाकी काय म्हणाले?"

"ते मी सांगू शकत नाही."

"माझ्यामागे कुणाकडे द्यायची, याचा विचार करतोय?"

"कुणापाशी बोलू नकोस?"

पुढचा काही वेळ दोघं एकमेकांना लहानपणच्या नावांनी हाका मारत होते. दादाने सायकलच्या चेनचं जुनं प्रकरण काढलं, धाकट्याने दादाच्या लग्नातला बूट काढला. आप्पा अंगणात फडक्याने बेडकीचे दिवे पुसत होते. आरडाओरडा ऐकून त्यांनी दुसरा दिवाही पुसायला घेतला.

वहिनी मात्र भांडण ऐकत नव्हत्या. परीक्षेत दोन मुलांची एकच चूक सापडली की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची, ती पडली होती.

"थांबा," त्या म्हणाल्या. चमचासुद्धा वाजवावा लागला नाही. "तुझा हात हलका, ह्यांचा हात हलका. म्हणजे गाडी तुम्ही चालवलीत. दोघांनी. मग आप्पांनी चालवली कधी?"

भावांनी एकमेकांकडे बघितलं. माईने बटाटा सोलायचा थांबवला, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

वहिनी अंगणात गेल्या. "आप्पा, तुम्ही चालवून दाखवा. गल्लीतून वळसा घालून परत फाटकात. नीट आलात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मी बाजूला बसते."

"तू नको," आप्पा म्हणाले. "तू शेजारी बसलीस की मला माझा गृहपाठ झालेला नाही असं वाटतं."

"मग ताई बसेल."

"ती माझी हाडं मोजेल." आप्पांनी फडकं झटकलं, पुन्हा घडी केली, पुन्हा झटकलं. "माईला बसू दे."

"माईला?" तिघांच्या तोंडून एकदम निघालं. जिने या गाडीला टमरेल म्हटलं, तिला?

माई दारात आली होती. तिने पदराला हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला आणि दारामागची आप्पांची काठी घेतली. ही काठी ताईने आणून दिली होती आणि आप्पांनी तिला आजवर हात लावला नव्हता.

"गाडीतून जायला काठी कशाला?" धाकट्याने विचारलं.

"कुत्री असतात," माई म्हणाली.

*

ताई वर गेली होती. खालची भांडणं तापली की गच्चीलगतच्या खोलीत जाऊन उभं राहायचं, ही तिची लहानपणापासूनची पद्धत. तिथल्या खिडकीतून अंगण, फाटक आणि गल्ली सरळ खाली दिसते, आणि बेडकीला छप्पर नसल्यामुळे बेडकीच्या आतलंही दिसतं.

आप्पा उजव्या सीटवर बसले. डावा पाय त्यांनी सरळ लांब करून एका कडेला ठेवून दिला, भिंतीला छत्री टेकवून ठेवावी तसा. माई त्यांच्या डाव्या हाताला. तिने काठी उभी न धरता आडवी घेतली, गिअरच्या दांड्याखालून पलीकडे घातली आणि रबरी टोक आप्पांच्या पायापाशी कुठेतरी टेकवलं.

आप्पांनी हनुवटी किंचित वर केली. माईने काठी दाबली. आप्पांनी गिअर टाकला. हनुवटी खाली आली. माईने काठी हळूहळू सोडली आणि बेडकी लोण्यातून जावी तशी फाटकाबाहेर गेली.

ताईने तोंडावर हात ठेवला. वळणाआधी हनुवटी वर, काठी खाली, गिअर, हनुवटी खाली. एकही शब्द नाही. माई रस्त्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे आप्पांच्या हनुवटीवर होते. आप्पा रस्त्याकडे बघत होते आणि पायाकडे बघायची त्यांना गरजच नव्हती, कारण त्यांचा पाय शेजारी बसला होता. आपल्या आईवडिलांचं एवढं जमलेलं ताईने जन्मात बघितलं नव्हतं.

आधी तिला हसू आलं, इतकं की खिडकीचा गज धरावा लागला. मग तिच्या मनात आलं की वर्षभर ती आप्पांना गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून सांगत होती आणि वर्षभर ते 'आता बरंय' म्हणत होते. आणि मग कोपऱ्यावरून सायकल शिकणाऱ्या दोन मुली आल्या. बेडकी वेळेवर थांबली, पण ताईचं हसू गेलं.

ती खाली आली तेव्हा गाडी फाटकातून आत येत होती, खांबाला वळसा घालून, बोटभरही न चुकता. दादा आणि धाकटा भांडण विसरून टाळ्या वाजवत होते. वहिनी पडेल चेहऱ्याने म्हणाल्या, "मान्य. मी माझा शब्द पाळते."

आप्पांचा चेहरा असा फुलला होता की ताईला वाटलं, गप्प बसावं. तिने एक शब्द काढला नसता तर त्या दिवशी घरात सगळे जेवून सुखाने आपापल्या घरी गेले असते. सायकलवरच्या मुली अजून तिच्या डोळ्यांपुढे होत्या.

"आप्पा," ती म्हणाली, "डावा पाय वर उचलून दाखवा."

"आता कसला पाय? पास झालो ना मी?"

"हात न लावता. गुडघ्यात वाकवून."

आप्पांनी माईकडे बघितलं. माईने काठीकडे बघितलं. गरम इंजिनाची टिकटिक तेवढी चालू होती.

"नाही जमत," आप्पा म्हणाले. शब्द साधेच होते, पण हा माणूस ते पहिल्यांदाच उच्चारत होता, म्हणून ते जरा घोगरे आले. "वाकतच नाही आता. क्लच दाबायला गेलो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"मग आत्ता कोणी दाबला?" दादाने विचारलं.

"मी," माई म्हणाली. "काठीने."

मग दादाच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि तो पोच्यापाशी धावला. "म्हणजे गुरुवारी! ब्रेक दाबला आणि क्लच मध्येच सुटला, म्हणून उडी! तरी मी म्हणत होतो, हा पोचा एका माणसाचा नाही!"

"गुरुवारी काय झालं, माई?" वहिनींनी विचारलं.

"हे म्हणाले, जरा पटकन दाबत जा." माईचा आवाज चढला. "इतके महिने मी दाबतेय. खांद्यात गोळे येतात. हूं नाही, चूं नाही. आणि फाटकाशी आल्यावर हे मला सांगतात, पटकन! मी काठी उचलून मांडीवर घेतली."

"समोर खांब असताना!" आप्पा म्हणाले.

"खांब मलाही दिसत होता."

धाकटा अंगणातच बसला. त्याला हसू आवरेना. "आणि आप्पा, आम्ही तुमचे डोळे गेले म्हणत होतो, तरी तुम्ही गप्प? तुम्ही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काठी काढून घेतली असती," आप्पा म्हणाले. "मग आम्ही जायचं कसं?"

वहिनी हसल्या नाहीत. "आप्पा, माई, एक मिनिट. रागाच्या भरात काठी उचलली, ती फाटकाशी. हेच बाजारात झालं असतं तर? शाळा सुटताना?"

हा प्रश्न सगळ्यांना लागला. आप्पांनी मान खाली घातली. माई म्हणाली, "खरंय. चुकलंच आमचं. मला रात्री झोप लागली नाही त्या दिवसापासून."

यापुढचं सगळं ताईने पाच मिनिटांत उरकलं. शस्त्रक्रिया, मग व्यायाम, आणि सहा महिन्यांनी आप्पा स्वतःच्या पायाने स्वतः क्लच दाबतील. आप्पांना इंजेक्शनच्या नुसत्या वासाने घाम फुटायचा. पण एवढ्या लोकांपुढे पाय उघडा पडल्यावर नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. "करतो," ते म्हणाले. "करून टाका एकदाचं." दादाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. धाकट्याने खांब दुरुस्त करून देण्याचं कबूल केलं. एवढा गोडवा पसरला की कोण कुणाच्या बाजूला होतं हे कुणाला आठवेना.

कप गोळा करून माई आत निघून गेली.

*

वहिनी तिच्या मागे गेल्या, कारण ट्रे बाहेरच राहिला होता. माई मोरीशी उभी होती. एक कप तिने धुतला, पालथा घातला, उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला.

"माई, सगळं तर मनासारखं झालं. ते पुन्हा चालवतील."

"हो ना. छानच झालं."

"मग?"

माईने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजात बोलणं तिला सोपं जात असावं. "तुला सांगू? इतकी वर्षं मी त्या सीटवर बसले. कुठे जायचं ते हे ठरवणार, कधी वळायचं ते हे, थांबायचं की नाही ते हे. मी रुमाल बांधून बसायचं. त्या गाडीचा मला राग नव्हता गं, त्या सीटचा होता. आणि मग ह्यांचा गुडघा गेला. एके दिवशी गॅरेजमध्ये रडत बसले होते, आत बसून. मी काठी घेऊन गेले. तेव्हापासून हा माणूस माझ्या 'हो'शिवाय इंचभर पुढे गेला नाही. तळ्याकडे वळू या का, असं विचारायचे मला. विचारायचे!" तिने कप पालथा घातला. "आता पाय बरा होईल. व्हायलाच हवा. मी काही वाईट चिंतत नाही. पण मी पुन्हा रुमाल बांधून बसणार."

वहिनी ट्रे धरून उभ्या राहिल्या. दादाच्या गाडीत त्यांचीही एक सीट होती, डावीकडची. पन्नास शिक्षकांना वळण लावणारी ही बाई त्या सीटवर बसून संत्रं सोलून नवऱ्याच्या तोंडात देत असे. सकाळपासून आपण सगळ्यांना काय वाटतं ते विचारलं आणि माईला फक्त कुणाच्या बाजूला आहात एवढंच विचारलं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली.

"माई, तुम्हाला काय हवंय?"

माईने पहिल्यांदा मागे वळून बघितलं. उत्तर तिच्याजवळ बरेच दिवस तयार असावं, कारण ते द्यायला तिला वेळ लागला नाही. "अर्धी गाडी मला येतेच की. उरलेली अर्धी शिकायला किती वेळ लागेल?"

वहिनी बाहेर आल्या आणि ट्रेवरच चमचा वाजवला. "ऐका. ठरलेलं मोडलंय. गाडी माई शिकणार. आजपासून."

"काहीतरीच!" आप्पा म्हणाले. "या वयात? आणि तिला क्लच जड जाईल."

"इतके महिने काठीने दाबला," माई दारातून म्हणाली, "आता पायाला जड जाईल?"

"लायसन्स?" दादा म्हणाला.

"फाटकाच्या आत लागत नाही," वहिनी म्हणाल्या. "बाहेरचं मी बघते. शिकाऊ परवाना काढायला मी स्वतः घेऊन जाईन. आणि अहो, तुम्ही त्यात पडू नका."

दादाने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने ताईकडे. ताईने सरळ जाऊन उजवीकडचं दार उघडलं आणि माईपुढे धरलं.

आप्पा हलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, आता स्फोट होणार. चाळीसहून अधिक वर्षं त्या सीटवर त्यांच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. मुलांना आज बसवलं तेही लबाडीने. त्यांनी किल्ली खिशातून काढली, फडक्याने पुसली, आणि ती द्यायची की नाही हे हाताला ठरवता येत नसल्यासारखे उभे राहिले. मग ते माईकडे बघून इतक्या हळू बोलले की फक्त जवळच्या ताईला ऐकू आलं. "मला शेजारी घेशील ना?"

"जागाच तेवढी आहे," माई म्हणाली आणि हात पुढे केला.

माई बसली. तिचे पाय पोचावेत म्हणून धाकट्याने पाठीशी दोन उशा लावल्या. आप्पा डाव्या बाजूला गेले, पाय उचलून आत घेतला, बसले आणि कळवळून एका अंगावर झाले. "या सीटची स्प्रिंग टोचते. सकाळपासून दोनदा बसलो, दोन्हीदा टोचली."

"टोचते खरी."

"कधीपासून?"

"ताईच्या वेळी सातवा महिना होता."

"मग कधी बोलली नाहीस?"

"बोलले. तुम्हाला ऐकू कुठे जायचं त्या आवाजात?"

आप्पा स्प्रिंग चुकवत जरा सरकून बसले. माईने किल्ली फिरवली. बेडकी गुरगुरली, तिने एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा आचका. दादाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा गाडी खोकत पुढे सरकली आणि आप्पांच्या तोंडून सवयीने, जिवाच्या आकांताने निघालं, "अगं, क्लच! क्लच दाब!"

गाडी पुन्हा बंद पडली. माईने दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि सावकाश त्यांच्याकडे वळली.

"क्लच," ती म्हणाली, "मला शिकवू नका."

आप्पांनी तोंड मिटलं. माईने पुन्हा किल्ली फिरवली, बेडकी चालू झाली आणि फाटकाच्या दिशेने निघाली.